सेल्फवाल्या लॉन मशीनची चाल वाढवायची होती : गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सचं पूर्ण प्रकरण

दिवाळी संपली की नाशिकमधल्या लॉन्सवाल्यांची धावपळ सुरू होते, कारण तुळशीची लग्नं लागली की लग्नाच्या तारखा चालू होतात आणि पावसाळाभर माजलेलं गवत तोपर्यंत एका उंचीत आणावं लागतं. गोवर्धनच्या बाजूला, गंगापूर रोडवरच्या अशाच एका लॉन्सचं आणि तिथल्या सेल्फवाल्या, म्हणजे इंजिनाच्या जोरावर स्वतःच पुढे चालणाऱ्या, गवत कापायच्या मशीनचं हे प्रकरण आहे. मालकांना सगळे शेठ म्हणतात. फोनवर त्यांचं म्हणणं सरळ होतं, "दादा, गवताचं मशीन लय हळू चालतंय, सेल्फ असून उपयोग नाही, रेस वाढवून द्या नाहीतर पुली बदला, पण त्याला पळवा." तिथलं गवत बघणारे मामा मागून बोलताना ऐकू आले, "त्यांना सांगा मला ढकलावं लागतंय."

हे मामांचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. सेल्फवालं मशीन माणसाला ढकलावं लागतंय म्हणजे चाल कमी दिलेली नाहीये, चाल कुठेतरी हरवलीये, आणि या दोन गोष्टींचा इलाज वेगळा असतो. हरवलेली चाल शोधायच्या आधीच पुली बदलली तर पट्टा आणखी घसरतो, मशीन दोन दिवस बरं वाटतं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होतं. म्हणून शेठना सांगितलं की आधी मोजतो, मग काय करायचं ते ठरवू.

मशीन 21 इंची, पेट्रोलचं, मागची चाकं ओढणारं, एकाच स्पीडचं, मागे गवताची बॅग. रचना बहुतेक मशीनमध्ये असते तशीच. इंजिनाचा शाफ्ट सरळ खाली येतो, त्याला खाली ब्लेड आणि ब्लेडच्या वर एक छोटी पुली, तिथून पट्टा मागच्या छोट्या गिअरबॉक्सवरच्या पुलीला जातो, गिअरबॉक्समधून एक्सल आणि एक्सलच्या टोकाच्या पिनियनने, म्हणजे छोट्या दातेरी चाकाने, चाकाच्या आतले दाते फिरतात. हँडलवरची दांडी ओढली की वायर गिअरबॉक्सला मागे झुकवते, पट्टा ताणला जातो आणि मशीन चालू लागतं. म्हणजे क्लच वगैरे वेगळा नाहीच, पट्ट्याचा ताण हाच क्लच. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची की ब्लेड थेट इंजिनावर आहे आणि चाकं मात्र पट्ट्यातून येतात. पुढचा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर झाला.

मोजायला काही मोठं लागत नाही. मंडपवाल्यांकडे फक्की असतेच, ती मारून हिरवळीवर 20 मीटरच्या दोन रेषा काढल्या, मशीन रेषेच्या बऱ्याच आधीपासून चालू केलं आणि मोबाईलवर वेळ लावली. मामांना फक्त हात ठेवायला सांगितलं, ढकलायचं नाही. 31 सेकंद लागले, म्हणजे तासाला 2.3 किलोमीटर. मोठा माणूस रमतगमत चालला तरी याच्यापेक्षा पुढे जातो. मग चाकाच्या टायरवर व्हाइटनरची एक रेघ ओढली आणि त्याच 20 मीटरचा व्हिडिओ काढून फेरे मोजले. चाक 8 इंची, म्हणजे एका फेऱ्यात साधारण 64 सेंटीमीटर, त्या हिशोबाने 20 मीटरला 31 च्या वर थोडे फेरे लागायला पाहिजेत, लागले 34. म्हणजे सुमारे आठ टक्के चाल टायर गवतावर घसरण्यात जात होती. टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजायचं यंत्र, लावला तर इंजिन मोकळं असताना 2,600 आणि गवतात शिरलं की 2,350 पर्यंत खाली येत होतं, मॅन्युअलमध्ये मात्र 2,900 दिलेले.

आता पट्टा किती घसरतोय हे कसं कळणार, कारण चालू मशीनखाली डोकं घालून ते बघता येत नाही आणि बघूही नये. त्याला एक साधी युक्ती आहे, ती ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी नक्की करून बघावी. प्लगची टोपी काढायची, नुसती सैल करून नाही तर काढून बाजूला बांधून ठेवायची आणि प्लगसुद्धा खोलून घ्यायचा, म्हणजे इंजिन चालू व्हायचा प्रश्न नाही आणि हाताला कॉम्प्रेशनचा, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा, जोर लागत नाही. मागची बाजू लाकडी ठोकळ्यावर उचलायची, सेल्फची दांडी दोरीने हँडलला बांधायची, हातात जाड कातडी हातमोजे घालायचे आणि ब्लेड हाताने हळूहळू फिरवायचं. ब्लेडचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो ते मोजायचं. इथे 29 आले. म्हणजे पट्टा अजिबात घसरला नाही तर या मशीनचं गणित 29 ला 1. हाताने फिरवताना पट्ट्यावर लोड नसतो म्हणून हा आकडा खरा मिळतो. आणि चालू मशीनचं काय होतं, तर 31 सेकंदांत 34 फेरे म्हणजे चाक मिनिटाला 66 च्या आसपास, इंजिन 2,350, भागाकार केला तर जवळजवळ 36 ला 1. 29 च्या जागी 36 लागतायत म्हणजे पाच फेऱ्यांमागे एक फेरा पट्टाच खातोय. गिअरबॉक्स न उघडता, एकही पार्ट न बदलता एवढं कळलं.

याच 29 वरून मशीनची मूळ चालही काढता येते. 2,900 ला चाक मिनिटाला 100 फेरे, म्हणजे 64 मीटर, म्हणजे तासाला 3.8 किलोमीटर. शेठच्या मशीनला कंपनीने 3.8 दिलेत आणि त्यातले 2.3 जमिनीवर पोचतायत. हा आकडा त्यांना दाखवला तेव्हा ते पुलीचं बोलायचे जरा थांबले.

मग मशीन आडवं केलं, कार्बोरेटरची बाजू वर ठेवून, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं. डेकच्या, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाच्या, आतून वाळलेल्या गवताचा दोन बोटं जाड थर निघाला, तो खरवडून काढला. गोवर्धनची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते, चाकाच्या आतल्या दात्यांमध्ये तीच बसलेली होती, दाभणाने एकेक दाता मोकळा करावा लागला. उजव्या बाजूचं चाक काढल्यावर कळलं की त्या पिनियनच्या आतली छोटी चावी, जी पुढे जाताना पिनियनला पकडते आणि मशीन मागे ओढताना सोडते, तिच्या कडा गोल होऊन गेल्यात. म्हणजे ते चाक नुसतं सोबत फिरत होतं, ओढत एकटं डावंच होतं. मशीन एका बाजूला खेचतंय असं मामा बरेच दिवस सांगत होते म्हणे, त्याचं कारण हेच, आणि डावा टायर गुळगुळीत होण्याचं कारणही हेच. इथे एक सांगून ठेवतो, अशी चावीवाली पिनियनं डावी उजवी वेगळी असतात, अदलाबदल झाली तर मशीन पुढे जायचं नावच घेत नाही आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो. काढतानाच खडूने डा आणि उ लिहून ठेवायचं.

पट्टा बघितला तर पुलीच्या खाचेत पार तळाला बसलेला. व्ही पट्टा पकडतो तो बाजूच्या दोन भिंतींना घासून, तळाला त्याचा स्पर्शच व्हायला नको. नवा असताना त्याची पाठ पुलीच्या काठाच्या बरोबरीला असते. झिजून अरुंद झाला की खाली उतरतो, तळाला टेकला की पाचरीसारखं अडकणं बंद होतं, मग कितीही ताण द्या, तो घसरणारच. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर समजायचं पट्टा तिथे घासतोय. इथे तो आरशासारखा होता आणि पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या कडक झालेल्या. असा पट्टा फेकायचा, त्याला राळ लावून किंवा वायर आवळून चालवायचं नाही. नवा पट्टा घेताना मोटारसायकलच्या दुकानातला कुठलाही जवळपासचा घेऊ नये, या मशीनला तीन अष्टमांश इंच रुंदीचा, ज्याला 3एल म्हणतात तो होता, त्याच सेक्शनचा आणि त्याच लांबीचा घेतला. वायरही गंजून जड झालेली, दांडी हँडलला टेकायची पण गिअरबॉक्स पूर्ण झुकायचाच नाही, ती नवी टाकली.

शेवटी ब्लेड. याला आणि चालीला काय संबंध असं शेठनी विचारलं, आणि हाच प्रश्न बहुतेक जण विचारतात. ब्लेडची धार गेलेली होती, टोकाला एका बाजूला मंडपाच्या खिळ्याचा खड्डा पडलेला. बोथट ब्लेड गवत कापत नाही, मारून तोडतं, त्यात इंजिनाचा जोर जातो, जोर कमी पडला की फेरे पडतात, आणि फेरे पडले की त्याच इंजिनावरची चाकंही हळू होतात. मोकळं 2,600 आणि गवतात 2,350, हा फरक धारेचा होता. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच, हवा थोडी विरळ, त्यामुळे असं बिनटर्बोचं इंजिन मुंबईच्या मानाने पाच सहा टक्के कमी ताकद देतं. म्हणजे हातात शिल्लक जोर आधीच कमी, तो बोथट धारेवर घालवणं परवडत नाही. धार लावून ब्लेड खिळ्यावर मधोमध टांगून बघितलं, जी बाजू खाली जाते ती थोडी घासायची, दोन्ही बाजू समान राहिल्या पाहिजेत. तोललेलं नसलेलं ब्लेड इंजिनाचा शाफ्ट खराब करतं, त्यामुळे हे काम घाईत करू नये.

रेस 2,600 वरून 2,900 वर आणली, इंजिनाचे फेरे एका मापात ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ढिली पडली होती ती बदलली. शेठ म्हणाले, "आता हात लावलाच आहे तर 3,600 करून टाका ना, एका स्क्रूचं तर काम आहे." एका स्क्रूचं काम आहे हे खरंच, म्हणूनच ते सगळीकडे केलं जातं आणि म्हणूनच मी यावर इथे जास्त लिहितोय. ब्लेड 21 इंची आहे, त्याचं टोक एका फेऱ्यात 1.68 मीटर जातं. 2,900 ला टोकाचा वेग सेकंदाला 81 मीटर होतो. 3,600 ला तो 100 च्या वर जातो. अमेरिकन मानकात अशा मशीनच्या ब्लेडच्या टोकाला मिनिटाला 19,000 फुटांची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला साडेशहाण्णव मीटर, आणि 21 इंची ब्लेड ती मर्यादा 3,450 च्या आसपासच गाठतं. फेरे सव्वापट होतात तेव्हा ब्लेडला बाहेर ओढणारा जोर दीडपट होतो. लग्नाच्या लॉनवर खिळे, सुतळीचे तुकडे, लाइटच्या माळेच्या तारा, खुर्चीच्या पायाची टोपणं, काय काय गवतात पडलेलं असतं ते मामांना विचारा. त्यातला एक खिळा या वेगाने उडाला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. चाल वाढवायला इंजिनाची रेस वाढवायची नाही, कधीच नाही. मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आणायची आणि गव्हर्नरचा स्क्रू तिथेच सोडायचा. शेठनी ऐकलं, आणि एवढं समजावल्यावर कोणीही ऐकतं असा माझा अनुभव आहे, फक्त समजावणारा पाहिजे.

हे सगळं झाल्यावर त्याच फक्कीच्या रेषांवर परत मोजलं. साडेवीस सेकंद. तासाला साडेतीन किलोमीटर. गवतात इंजिन 2,800 धरून होतं, पट्ट्याची घसर दोन टक्क्यांवर आली, दोन्ही चाकं ओढायला लागल्यावर टायरची घसरही निम्म्याच्या खाली. चाल दीडपट झाली आणि यात मशीनचं मूळ माप एका मिलिमीटरनेही बदललेलं नव्हतं.

मामा खूश होते, ते म्हणाले आता हात नुसते ठेवले तरी चालतंय. पण शेठचं गणित वेगळं होतं आणि तेही चुकीचं नव्हतं. सीझनमध्ये रात्री उशिरापर्यंत रिसेप्शन, सकाळी झाडझूड आणि दुपारपासून दुसऱ्या पार्टीचा मंडप, त्यामुळे गवताला मधली दोन तासांची खिडकी मिळते, तेवढ्यात काम झालं नाही तर आठवडा जातो आणि आठवडा गेला की गवत वाढलेलं, ते एकदम खाली कापलं की पिवळं पडतं. एका वेळेला पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम पाळायचा तर वेळेवर कापलंच पाहिजे. म्हणून मूळ चालीच्या वर थोडं जायचं ठरलं.

रस्ते दोनच उरले होते. एक म्हणजे मोठी चाकं. 8 च्या जागी 9 इंची लावली तर चाल आठव्या हिश्शाने वाढते, पण डेक अर्धा इंच वर जातो, सगळ्यात खालची कापणी हातातून जाते, आणि या चाकांचे आतले दाते चाकाच्याच प्लास्टिकमध्ये असल्यामुळे दुसऱ्या मशीनचं चाक सहसा बसतही नाही. हिरवळ त्यांच्याकडे सिलेक्शन वन जातीच्या गवताची, ती खाली कापलेलीच चांगली दिसते. हा रस्ता बंद.

दुसरा रस्ता पुलीचा, आणि तिथेही प्रश्न कुठली पुली. इंजिनावरची मोठी करा किंवा गिअरबॉक्सवरची लहान करा, गणितात दोन्ही सारखंच. पण इंजिनावरची पुली ब्लेडच्या बसणीचाच भाग आहे, तिला हात लावला म्हणजे ब्लेडच्या पकडीला हात लावला, आणि ते मी करत नाही. गिअरबॉक्सवरची पुली एका पिनवर बसलेली, तिचं काही झालं तर फारतर मशीन थांबेल. म्हणून ती 76 मिलिमीटरच्या जागी 64 ची करायची ठरवली. 76 भागिले 64 म्हणजे एकोणीस टक्के वाढ, 29 चं गणित साडेचोवीसच्या खाली.

64 च का, 50 का नाही, हे शेठच्या मुलाने विचारलं आणि प्रश्न चांगला होता. 2,800 ला ब्लेडची दोन टोकं मिळून सेकंदाला साधारण 93 वेळा कापतात. साडेतीनच्या चालीला मशीन दोन कापांच्या मधे साडेदहा मिलिमीटर पुढे सरकतं, चारच्या जरा वर गेलं की 12, साडेपाचला 16 च्या वर. जितकं पुढे सरकेल तितकं एका कापात जास्त गवत येतं, इंजिन दबतं, आणि बॅगेत उडवायला लागणारी हवा तेवढीच राहते, त्यामुळे गवत डेकखाली साचायला लागतं, मागे गठ्ठे पडतात. विरळ गवतावर हे दिसत नाही, दाट सिलेक्शन वनवर लगेच दिसतं. दुसरं म्हणजे लहान पुलीने चाकावरचा जोर तेवढाच कमी होतो, चढावर मोटारसायकल टॉप गिअरमध्ये घातल्यावर होतं तसं. त्यांच्या स्टेजच्या बाजूला पाणी निघून जावं म्हणून उतार केलाय, तो चढताना मशीन अडायला नको. आणि तिसरं, मशीनमागे मामा चालणार आहेत. साठीच्या माणसाला दोन तास मशीनमागे पळवून उपयोग नाही. मामांना लॉनवर रोजच्यासारखं चालायला सांगून त्यांची चाल मोजली, ती साडेचारच्या आत भरली. मशीन त्यांच्या पुढे जाता कामा नये, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं माप होतं.

पुली अंबड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. त्याला दोन गोष्टी नीट सांगाव्या लागतात. व्ही पट्ट्याचा कोन 40 अंशाचा म्हणून बरेच टर्नर खाचही 40 ची काढतात, पण लहान पुलीवर पट्टा वाकला की त्याच्या बाजू आत फुगतात आणि कोन बारीक होतो, त्यामुळे एवढ्या लहान पुलीला खाच 34 अंशाच्या आसपास लागते, नाहीतर पट्टा पकडत नाही आणि कडा खातो. दुसरं, खाचेच्या भिंती गुळगुळीत पाहिजेत, टूलच्या रेघा राहिल्या तर त्या कानशीसारखं काम करतात.

पुली लहान झाली की पट्टा लांब पडतो हे लोक विसरतात. व्यास 12 मिलिमीटरने कमी झाला म्हणजे पट्ट्याचा रस्ता सुमारे 19 मिलिमीटरने, पाऊण इंचाने कमी झाला. जुन्याच लांबीचा पट्टा ठेवला तर गिअरबॉक्स पूर्ण झुकूनही ताण येणार नाही आणि आपण परत घसरणीवर येऊ. एक इंच आखूड घेतला तर उलटं, दांडी सोडली तरी पट्टा धरून राहतो आणि मशीन आपलंआपण पुढे सरकतं, हे तर धोकादायक. अर्धा इंच आखूड घेतला आणि उरलेलं वायरच्या नटावर जुळवलं. नंतर तपासायचं काय, तर दांडी सोडून मशीन हाताने ढकलून आणि ओढून बघायचं, दोन्हीकडे मोकळं गेलं पाहिजे, आणि इंजिन चालू ठेवून दांडी सोडली तर जागचं हलता कामा नये. हे झाल्याशिवाय मशीन कोणाच्या हातात द्यायचं नाही.

चाल वाढली की थांबणंही बघावं लागतं. अमेरिकेत 1982 पासून असा नियम आहे की हात सुटला की हाताने चालवायच्या मशीनचं ब्लेड 3 सेकंदांत थांबलं पाहिजे. इथे ब्लेडची दांडी, म्हणजे सोडली की ब्लेड थांबवणारी हँडलवरची दुसरी दांडी, कोणीतरी तारेने कायमची बांधून ठेवली होती, बऱ्याच लॉन्सवर हे बघायला मिळतं कारण हात दुखतो. ती तार मी कापली आणि ब्रेकपट्टी साफ करून वेळ लावली, ब्लेड 3 सेकंदांच्या आत थांबत होतं. मशीन सेकंदाला 1.15 मीटरच्या आसपास जात असताना 3 सेकंद म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर, एवढ्यात कारंज्याची कड येते, लहान पोरगं येतं. मामांना दांडी धरायला जड जात होती म्हणून तिच्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली, आता ती बोटांना रुतत नाही, बांधायची गरज पडत नाही.

नवी पुली, नवा पट्टा, तीच रेषा, साडेसतरा सेकंद. तासाला 4.1 किलोमीटर. कापणी मागून उकिडवं बसून बघितली, पाती एका उंचीत, गठ्ठे नाहीत. उतारावर इंजिनाचा आवाज थोडा दबतो पण अडत नाही. अर्धा तास चालवून गिअरबॉक्सला हात लावला, कोमट.

आता मुख्य लॉनचं गणित सांगतो, कारण मला यातलं सगळ्यात पटलेलं तेच आहे. लॉन 100 बाय 200 फूट, म्हणजे 20,000 चौरस फूट. मशीन 21 इंची असलं तरी आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवत जावं लागतं, हातात 45 सेंटीमीटर मिळतात, म्हणजे पूर्ण लॉनला जवळपास 4,100 मीटर चालणं. सुरुवातीच्या 2.3 च्या चालीला नुसतं चालायलाच 108 मिनिटं, साडेतीनला 71, आणि 4.1 ला 60. म्हणजे दुरुस्तीने 37 मिनिटं वाचवली आणि पुलीने अकरा.

तेवढ्यात अजून एक दिसलं. मामा आडवं कापायचे, 100 फुटांच्या बाजूने, कारण स्टेजकडून बघताना पट्टे आडवे दिसतात आणि शेठना ते आवडतं. आडवं कापलं तर 134 वळणं, उभं कापलं तर त्याच्या निम्मी. एका वळणाला आठ सेकंद धरले तरी आडव्यात 18 मिनिटं वळण्यात आणि उभ्यात 9. नुसती दिशा बदलून जवळजवळ पुलीएवढा वेळ वाचतो, फुकटात. शिवाय बॅग रिकामी करायला मामा दर वेळी मागच्या गेटपाशी खताच्या खड्ड्यापर्यंत जायचे, त्याऐवजी लॉनच्या लांब कडेला मधोमध ताडपत्री अंथरली, तिच्यावर ओतायचं आणि शेवटी दोघांनी एकदमच ओढून न्यायचं. चालीनंतर सगळ्यात जास्त वेळ त्या खड्ड्याच्या फेऱ्यांमध्ये जात होता हे शेठना स्वतः उभं राहून बघितल्यावर कळलं, आणि ताडपत्री त्यांनीच आणून दिली. आधी सकाळी सातला सुरू झालेलं काम साडेदहापर्यंत चालायचं, आता पावणेनऊच्या आत मशीन धुवून शेडमध्ये असतं. उभे आडवे पट्टे एकाआड एक कापायला सांगितलंय, मोठ्या लग्नाच्या आधी आडवे, एरवी उभे, कारण कायम एकाच दिशेने चाकं गेली तर जमीन तिथे दबते आणि गवतही एका अंगाला झोपतं.

पुलीचं काम केलंच पाहिजे का असं मला दुसऱ्या लॉन्सवाल्यांनी विचारलं तर मी आधी त्यांना 29 वालं मोजमाप करायला लावतो. दहातल्या बहुतेक मशीनना पट्टा, वायर, धार आणि साफसफाई एवढ्यातच जे पाहिजे ते मिळून जातं. ज्यांना खरंच वेळेची खिडकी लहान आहे, जमीन सपाट आहे आणि मागे चालणारा माणूस तेवढं चालू शकतो, त्यांनीच पुढे जावं, आणि वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये. बंगल्याच्या छोट्या बागेला, जिथे चार पावलांवर कुंडी आणि झाड येतं, तिथे याचा काहीच उपयोग नाही, उलट वळताना मशीन आवरत नाही.

मामांना चार गोष्टी लावून दिल्यात. रोज काम झालं की प्लगची टोपी काढून डेक आणि चाकाचे दाते ब्रशने साफ करायचे, पाण्याचा फवारा पट्ट्यावर मारायचा नाही. महिन्यातून एकदा 20 मीटरची वेळ घ्यायची आणि शेडच्या भिंतीवर लिहायची, साडेसतराचे एकोणीस झाले की मला फोन. ब्लेडची धार दर आठ दहा तासांच्या कामानंतर बघायची. आणि मंडप उठला की मशीन लावायच्या आधी पोरांना चुंबकाची पट्टी घेऊन लॉनवरून फिरवायचं, ती पट्टी जुन्या स्पीकरच्या चुंबकांची बनवून दिलीये, पहिल्याच फेरीत मूठभर खिळे निघाले.

जुनी 76 ची पुली आणि जुन्या लांबीचा नवा पट्टा एका पिशवीत घालून शेडमध्ये टांगून ठेवलाय. जूनमध्ये पाऊस लागला की काळी माती चिकटते, गवत ओलं आणि दाट होतं, तेव्हा मशीनला चालीपेक्षा जोर जास्त लागतो. त्या दिवसांत जुनी पुली परत चढवायची आणि वायरचा नट परत जुळवून दांडी सोडल्यावर मशीन मोकळं ढकललं जातंय ना ते बघायचं. तासाभराचं काम आहे, मामांनी माझ्यासमोर एकदा करून बघितलंय.